एका दाबात पेटणारा लायटर

आमच्या आत्याला नवा लायटर घ्यायचा असला की घरात विनोदांना ऊत येई. पोरीसाठी स्थळ बघतानासुद्धा लोक एवढी चौकशी करत नाहीत, असं माझे वडील म्हणत, आणि ते तिचे थोरले भाऊ असल्यामुळे ती ते हसून ऐकून घेई. शेगडी पेटवायचा साधा लायटर. बाकीच्या बायका भांड्यांच्या दुकानात गेल्या की चमचे-गाळण्यांबरोबर तोही पिशवीत टाकतात आणि विसरून जातात. आत्या मात्र दुकानदाराला सगळा डबा काउंटरवर उपडा करायला लावायची. एकेक उचलून वजन बघायची, नळी डुगडुगते का बघायची, तोंडाशी नख घालून बघायची, मग कानाशी धरून दाबायची. टक्. पुन्हा टक्. एवढं सगळं झाल्यावर दुकानात अंधारा कोपरा कुठे आहे ते विचारायची. उजेडात ठिणगी नीट दिसत नाही, आणि आवाज काय, मेलेला लायटरही करतो, असं तिचं म्हणणं.

मीही त्या हसणाऱ्यांतलीच होते. ज्या गोष्टींची आता लाज वाटते त्यांत ही एक आहे, पण सगळ्यात मोठी नाही.

आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं होती. तळघरात. वॉर्डांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे गाठोडी बांधून खाली येत, ब्लीच घातलेल्या गरम पाण्यात उकळून निघत आणि इस्त्रीच्या मोठ्या रुळांतून आत्याच्या टेबलावर येऊन पडत. तिथून तिचं काम. चार कोपरे जुळवायचे, एक झटका, दुसरा झटका, घडी. तिची घडी इतकी सरळ असे की सगळं इस्पितळ तिला घडीबाई म्हणे. वीस चादरींचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांची गाडी, असं दिवसभर मोजता मोजता तिला मोजायचं वेडच लागलं. ती जिन्याच्या पायऱ्या मोजायची, रांगेतली डोकी मोजायची. आमच्याकडे आली आणि मी दार उघडायला उशीर केला की आत येता येता सांगायची, "सतरा झाले."

नवरा लवकर गेला. मुलाला तिने एकटीने वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहिली. स्वतःच्या हाताने रांधून खायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढायची. इमारतीत चौदा बिऱ्हाडं होती, पण बारा वर्षांत कोणाच्या दारात वाटी घेऊन उभी राहिली असेल तर शपथ. आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायचं नाही, हा तिचा बाणा. तो जरा अतीच होता, आणि मी ते तिला तोंडावर सांगतही असे.

एकदा अशीच न सांगता तिच्याकडे गेले तर दारातच मला ओकारी आली. कपाटामागे उंदीर मरून पडला होता, दोन दिवस तरी झाले असतील. खोलीत उभं राहवत नव्हतं. आणि आत्या शांतपणे ताट घेऊन जेवत बसली होती. मी नाकाला पदर लावून कपाट सरकवलं, काय ते काढलं, फरशी पुसली, आणि मग तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिने हात धुतले, आणि आढेवेढे न घेता सांगितलं की तिला वास येत नाही. सहा वर्षं झाली. ब्लीचची वाफ नाकात जाऊन जाऊन हळूहळू गेला. इस्पितळातल्याच नाक-कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, आता परत येणार नाही. "माझ्याआधी नाकच रिटायर झालं," असं ती म्हणाली आणि हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "तुझ्या दादाला बोलायचं नाही. त्याला कळलं की या घराला कुलूप."

दादा म्हणजे तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. तो वाईट नाही हे आधीच सांगते. आईने आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला होता, आणि तिला हलवायला त्याला एक निमित्त हवं होतं. मी शब्द दिला. तेव्हापासून हे गुपित आम्हा दोघींचं.

मग मला लायटरचं कळलं. आपण सगळे बटण फिरवतो, लायटर दाबतो, नाही पेटला तर पुन्हा दाबतो. दोन-चारदा असं झालं की गॅसचा वास येतो आणि आपला हात आपोआप बटण बंद करतो. आत्याला तो इशारा देणारं कोणी नव्हतं. शेगडी पहिल्या दाबाला पेटली तर प्रश्न नाही, नाही पेटली तर तिच्या भोवती काय साठतंय ते तिला कळायला मार्ग नव्हता. म्हणून तिने स्वतःसाठी कायदा केला होता. तीन दाब. तेवढ्यात नाही पेटली तर बटण बंद, दोन्ही खिडक्या उघड्या, आणि दोनशेपर्यंत मोजायचं. मग पुन्हा. बटण नीट बंद झालंय का हे ती कानाने तपासायची. बर्नरजवळ वाकून सूं असा आवाज येतोय का ऐकायची. कान तिचे तिखट होते. दूध वर येण्याआधी बदलणारा आवाज तिला बाहेरच्या खोलीत कळे.

तुम्ही म्हणाल, मग काडी ओढावी, आधी पेटवायची आणि मग गॅस सोडायचा. तेही करून झालं होतं. इतकी वर्षं गरम कापड हाताळून तिच्या बोटांची टोकं बधिर झालेली, त्यात हाताला कंप. काडी बोटापर्यंत जळत आली तरी कळायचं नाही. दोनदा गाऊनची बाही पेटता पेटता वाचली. आपोआप पेटणारी शेगडी होती, तिचं बटण वर्षभरात बसलं. विजेच्या शेगडीचं मी सुचवलं तर वायरमन म्हणाला, इमारतीचं वायरिंग जुनं आहे, तुमची आत्या भात लावेल आणि चौदा घरं अंधारात बसतील. राहता राहिला लायटर. तो चांगला असला की आत्याचं घर तिचं होतं.

सहा वर्षं चाललेला तिचा लायटर गेल्या वर्षी मेला, तेव्हा तिने मला फोन केला. या वेळचा आपल्याला पुरून उरला पाहिजे, म्हणाली.

आम्ही तिच्या नेहमीच्या भांडीवाल्याकडे गेलो. मी शिकवते त्या शाळेत चार वाजता पालकसभा होती, आणि पिशवीत तपासायच्या बेचाळीस वह्या होत्या. आत्याने डबा उपडा करायला लावला. प्लास्टिकच्या मुठीचे बाजूला काढले, बॅटरीवर चालणारे हातातही घेतले नाहीत. सेल संपले तर कोण आणून देणार, म्हणाली. शेवटी दोन स्टीलचे उरले. एक आखूड, एक लांब नळीचा. ती आलटून-पालटून कानाशी धरत होती आणि मी घड्याळाकडे बघत होते. लांब नळीच्याचा आवाज खणखणीत होता.

"तुमची मालाची खोली आहे ना मागे?" तिने भांडीवाल्याला विचारलं. "तिथला दिवा घालवून एकदा ठिणगी बघते."

त्या बिचाऱ्याची ना नव्हती. खोलीत खोकी पडली आहेत, दहा मिनिटं द्या, वाट करून देतो, असं तो म्हणाला आणि निघालाही. मीच त्याला थांबवलं.

"आत्या, पुरे आता. आवाज ऐकलास ना? सगळे सारखेच असतात. संसार नाही करायचा त्याच्याशी."

भांडीवाला हसला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. घराण्यात हे वाक्य दुसरं कोणीही बोललं असतं तरी चाललं असतं. आतलं सगळं ठाऊक असणारी मी एकटीच होते. परक्या माणसासमोर ती कारण तरी काय सांगणार. तिने लांब नळीचा लायटर मुकाट्याने पिशवीत ठेवला आणि मी सभेला वेळेवर पोचले.

पंधरा दिवसांनी फोनवर इकडचं-तिकडचं बोलता बोलता ती म्हणाली, हा दुसऱ्या दाबाला पेटतो, कधी तिसऱ्या. मी म्हटलं, नवा आहे, सरावेल. त्यावर ती म्हणाली की माणूस सरावतो, लायटर कसा सरावेल, आणि आम्ही दोघी हसलो. येत्या रविवारी येते, बदलून आणू, असं मी कबूल केलं. त्या रविवारी माझ्याकडे पाहुणे आले. पुढच्या रविवारी मला कंटाळा आला. कंटाळाच आला, दुसरं काही कारण नव्हतं.

तिसऱ्या रविवारी अकराच्या सुमारास मी तिच्या इमारतीत शिरले. शेजारच्या मोकळ्या जागेत नवी इमारत उठत होती आणि सुट्टीचा दिवस असूनही फरश्या कापायचं यंत्र किंचाळत होतं. जिन्यात सगळीकडे पांढरी धूळ. दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि मला वास आला. आधी वाटलं, कोणाकडे तरी सिलिंडर बदलत असतील. चार पायऱ्या चढले तसा वास दाट होत गेला, आणि माझे पाय धावायला लागले.

घंटीकडे गेलेला हात मी मागे घेतला. घंटीच्या बटणातही ठिणगी असते, एवढं कसं कोण जाणे त्या क्षणी आठवलं. मुठीने दार बडवलं. आत्याने दार उघडलं तेव्हा तिच्या उजव्या हातात लायटर होता आणि ओठ हलत होते.

"थांब," ती म्हणाली. "चाळीस राहिले."

मी तिचा हात मनगटापाशी धरून लायटर हिसकावून घेतला आणि जिन्यात ठेवून दिला. काही बोलायला तोंड उघडलं तर खोकलाच आला. आत गेले. धूळ येते म्हणून दोन्ही खिडक्या बंद होत्या. शेगडीचं बटण बंदच्या बाजूला नव्हतं. घाईत ते उलटं फिरून बारीकवर जाऊन थांबलं होतं. एरवी तिने वाकून ऐकलं असतं. तिने ऐकलंही होतं, पण फरशीच्या त्या यंत्रापुढे बर्नरची सूं काय ऐकू येणार. म्हणजे तिच्या हिशेबाने बटण बंद होतं, ती कायद्याप्रमाणे मोजत होती, आणि दोनशे झाले की ती पुन्हा लायटर दाबणार होती. मी बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, पंख्याच्या बटणाला हात लावू नको असं ओरडले आणि तिला ओढतच बाहेर आणलं. आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती आणि हळूहळू तिच्या लक्षात येत होतं.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. तिथे एक तरुण जोडपं राहत होतं, मूल तीन महिन्यांचं. बाळाला खांद्यावर घेऊन त्याची आई बाहेर आली.

"काकू, गॅसचा वास येतोय का हो?"

"खाली कोणी सिलिंडर बदलत असेल," मी म्हटलं. "मलाही आला आत्ता जिन्यात."

खोटं असं तोंडातून सरळ आलं, अडखळलंसुद्धा नाही. ती बरं म्हणून आत गेली. वर्गात मुलं खोटं बोलली की त्यांच्या डोळ्यांवरून ओळखणारी मी बाई, माझा स्वतःवर विश्वास बसेना.

मग आत्या म्हणाली, "तू घेऊन दिलेला म्हणून थांबले गं. लगेच बदलला असता तर तुला वाटलं असतं, म्हातारी किरकिर करते."

मला रडू आलं. मी तिला सांगितलं की आता नवा लायटर मी स्वतः आणते, अंधारात बघून आणते, चार दुकानं फिरेन. खिडक्या कधीच बंद करायच्या नाहीत, गॅसचा वास आला की ओरडणारं यंत्र मिळतं ते बसवून घेऊ. झालं ते आपल्या दोघींत राहू दे. मी भराभर बोलत होते आणि ती माझं ऐकत नव्हती हे मला दिसत होतं.

"त्या पोराचा पाळणा आपल्या ओट्याच्या भिंतीला लागून आहे," ती म्हणाली. "जाता-येता उघड्या दारातून बघितलाय मी. एवढी एक वीट मध्ये."

"आत्या, काही झालेलं नाही."

"चाळीस आकडे राहिले होते."

"सांगितलंस तर दादाला कळेल. तुला इथून नेतील."

"नेतील," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर हात टेकून उठली.

वास पूर्ण जाईपर्यंत तिने मला थांबवून धरलं, दोनदा आत पाठवून खात्री करून घेतली. मग आत जाऊन तोंड धुतलं, केस विंचरले, धुतलेली साडी नेसली आणि शेजारचं दार वाजवलं. मी मागे उभी होते. तिने एकच गोष्ट सांगितली, आणि नंतर बाराही दारांत तेच शब्द सांगितले. "मला वास येत नाही. आज माझ्याकडून गॅस उघडा राहिला होता. तुम्हाला माहीत असलेलं बरं." हात जोडले नाहीत, रडली नाही, कारणं दिली नाहीत. फरशीच्या यंत्राचं नाव काढलं नाही. लायटरचंही नाही, म्हणजे माझंही नाही.

बाळाच्या आईने ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत काकू," असं ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिने खांद्यावरचं पोर छातीशी घेऊन हाताने त्याचं डोकं झाकलं. मला तिचा राग आला. तिच्या जागी मी असते तर मीही दुसरं काही केलं नसतं, हे कळायला मला काही दिवस लागले. आत्याने तो हात पाहिला, मान हलवली आणि जिना उतरून पुढच्या दाराकडे गेली. कोणी आत बोलावून बसवलं, कोणी पाणी दिलं, खालच्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले की मलाही कमीच येतो. बारा वर्षांत ती कोणाच्या उंबऱ्यावर गेली नव्हती, ती त्या एका दुपारी तेरा उंबऱ्यांवर उभी राहिली.

चार दिवसांनी गच्चीवर सगळी बिऱ्हाडं जमली. मीही गेले, वकील म्हणून. गॅसचा वास आला की ओरडणाऱ्या त्या यंत्राचं माहितीपत्रक घेऊन गेले होते. कोणी आवाज चढवला नाही, उलट सगळे इतके समजुतीने बोलत होते की भांडावं तरी कोणाशी. नवा लायटर नीट पेटत नव्हता, इथपासून मी सगळं सांगितलं. बाळाच्या वडिलांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, ते यंत्रच बिघडलं तर? लायटरही नवाच होता म्हणता ना?"

मी माहितीपत्रक घडी करून पिशवीत ठेवलं. त्यांना कोणालाही आत्या जायला नको होती. गॅस काढून टाका आणि राहा, आम्ही पाळीपाळीने डबा देऊ, असं त्यांनी मनापासून सांगितलं. दादाला फोनही त्यांनीच केला.

तो दुसऱ्या दिवशी आला. आईसमोर खुर्चीवर बसला आणि बराच वेळ हातातली किल्ली फिरवत राहिला. एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं, आणि तिने सांगितलं की तू नेलं असतंस म्हणून. मग तो माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?" मी मान हलवली. त्याने किल्ली खिशात टाकली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

आईवर त्याने जबरदस्ती केली नाही हे मात्र सांगायला हवं. गॅस काढू, तू इथेच राहा, डबा येईल, मी दर रविवारी येईन, असं तोच म्हणाला. आत्याने दोन दिवस विचार केला. त्या दोन दिवसांत मी तिच्याबरोबर राहिले. शेगडी बंद होती. शेजारून डबा आला, चांगला गरम आणि निगुतीने भरलेला. आत्याने तो उघडला, जेवली, डबा घासून पुसून ठेवला. मग दाराशी खुर्ची घेऊन बसली, कारण संध्याकाळचा डबा घेऊन कोण येणार ते ठाऊक नव्हतं आणि आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"आयतंच खायचं तर पोराच्या घरचं खाईन," ती रात्री अंथरूण घालताना म्हणाली. "लोकांच्या डब्याची वाट बघत बसायला मी काही लहान नाही."

पुढच्या शनिवारी दादा टेम्पो घेऊन आला. सामान फारसं नव्हतंच.

मी महिन्याभराने भेटायला गेले. दादाचं घर मोठं, हवेशीर आहे. वहिनीही मायेची बाई. सासूला वेगळी खोली दिलेली, उशाला दिवा, पायाशी शाल. स्वयंपाकघरात मात्र आईंनी यायचं नाही, एवढा एकच नियम, तोही आईंच्याच काळजीपोटी. आत्या बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या कडेला बसली होती, पाहुण्या बायका बसतात तशी. चांगली दिसत होती. गालांवर जरा मांसही आलं होतं. मी तिच्या पायांशी जमिनीवर बसले.

थोडा वेळ ती माझ्या शाळेचं विचारत राहिली. आत वहिनी काहीतरी करत होती, झाऱ्याचा आवाज येत होता, पण स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं. आत्या त्या दाराकडे बघत होती. मग माझ्याकडे वाकून तिने हळूच विचारलं, "काय चाललंय गं आत?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे.

"तिथे होते तेव्हा माझं अडलं नाही कधी," ती म्हणाली. "मीच चिरायची, मीच शिजवायची, सगळं ठाऊकच असायचं. डोळे मिटून सांगितलं असतं. इथे ताट समोर येईपर्यंत काही कळत नाही. मला वास येत नाही, हे इथे आल्यावर कळलं."

मी नाक वर करून दोनदा खोल श्वास घेतला आणि तिला सांगितलं की कांदा परतताहेत वहिनी. तांबूस होत आलाय. लसूणही आहे थोडा, तो आत्ता टाकलाय.

तिने डोळे मिटले. "अजून सांग," म्हणाली.